इगतपुरीला निळं, भुसावळला गुलाबी

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन दहा दिवस झाले. आमच्या मागच्या अंगणात पाच कुंड्या ओळीने उभ्या आहेत आणि पाचही कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळलंय. परवा मीटर बघायला आलेल्या पोराने विचारलं, "काका, कुंड्यांना ताप आलाय का?" म्हटलं, कुंड्यांना नाही रे, गावाला आलाय. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. सांगण्यासारखं एवढंच की अशा गावात मी हायड्रेंजिया लावून बसलोय, आणि ती जिवंत आहेत.

ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: कमरेइतकं झुडूप, तळहाताएवढी जाड हिरवी पानं, आणि फांदीच्या टोकाला फुलकोबीच्या गड्ड्याएवढा फुलांचा गोळा. निळा, गुलाबी नाहीतर पांढरा. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं असतात, खरं फूल मधे टाचणीच्या डोक्याएवढं. बोगनवेलीसारखीच फसवणूक. महाबळेश्वर, उटी, शिमला अशा ठिकाणी बंगल्यांच्या दारात दिसतं. खानदेशात दिसत नाही, आणि त्याला कारण आहे.

मी रेल्वेत ड्रायव्हर होतो. आता लोको पायलट म्हणतात, पण आमची पिढी ड्रायव्हरच. भुसावळहून मालगाडी घ्यायची, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिकरोड करत इगतपुरीला उतरायचं, रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतिगृहात झोपायचं, कॉल आला की उलट फिरायचं. तीनशे किलोमीटरचा हा रस्ता, पण पावसाळ्यात दोन मुलखांतून जातो. चाळीसगावपर्यंत इंजिनाच्या केबिनमध्ये बनियन पिळावं लागायचं. नाशिक सुटलं की खिडकीतून गार वारा यायचा आणि इगतपुरीला तर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचो. तिथे रनिंग रूमच्या मागे, गटाराच्या कडेला, एक मोठं झुडूप होतं. त्याला कोणी खत घालत नव्हतं, कोणी छाटत नव्हतं. आणि ते पावसात निळं व्हायचं. साधं निळं नाही, पत्र्याच्या जुन्या ट्रंकेला असतो तो निळा.

त्याच्या काड्या आणण्याआधी एक हायड्रेंजिया मी मारलेलं होतं, तेही सांगून टाकतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये एका नर्सरीतून तीनशे पन्नास रुपयांना फुललेलं झाड आणलं. नर्सरीवाला म्हणाला, समर फ्लॉवर आहे, बिनधास्त ठेवा. मी बिनधास्त गच्चीत ठेवलं, तेही सिमेंटच्या कुंडीत बदलून. अकरा दिवसांत पानं पापडासारखी झाली. आमची ही म्हणाली, वाळवणाबरोबर उचलून डब्यात भरून ठेवा.

चूक नर्सरीवाल्याची अर्धी आणि माझी अर्धी. "उन्हाळी फूल" हा शब्द पुस्तकांत येतो तो इंग्लंड-अमेरिकेच्या उन्हाळ्यातून. त्यांचा जून म्हणजे आपला पौष. आणि हे झाड मुळात जपानचं, तिथे ते जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत फुलतं. म्हणजे ज्याला आपण उन्हाळ्याचं समजतो ते खरं पावसाचं झाड. हे कळल्यावर माझा सगळा हिशेबच बदलला. आपल्याकडच्या उन्हाळी बागेत हायड्रेंजिया फुलवायचं नसतं, फक्त जगवायचं असतं. फुलवायला आपल्याकडे फाल्गुन-चैत्र आहे. कोणी मला विचारलं, उन्हाळ्यासाठी कुठलं हायड्रेंजिया घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं: आधी तुझ्या घराची पूर्वेची बाजू दाखव, मग झाडाचं बोलू.

तर, २०१४ च्या ऑगस्टमध्ये रनिंग रूमच्या खानसाम्याला विचारून मी त्या झुडपाच्या तीन काड्या घेतल्या. त्यानेच भाजीच्या सुरीने कापून दिल्या. फूल नसलेल्या फांद्या घ्यायच्या, वीतभर लांब, खालचं पेर शाबूत ठेवून. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या खणात ठेवल्या आणि रात्रभर मालगाडीबरोबर त्याही भुसावळला आल्या. नांदगावला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, दीड तास उभे होतो तेव्हा झाकण उघडून पाणी शिंपडलं. माझा असिस्टंट बघत होता. काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात सगळ्या लॉबीला, म्हणजे आम्ही ड्यूटीवर हजेरी लावतो तिथल्या सगळ्यांना, माहीत होतं की हा माणूस डब्यात झाडं झोपवून आणतो.

घरी आल्यावर पानं निम्मी कापली, म्हणजे पाण्याची उधळपट्टी कमी होते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, त्यात काड्या, वरून तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी. चौथ्या आठवड्यात हलकेच ओढून बघितलं तर दोघींनी धरून ठेवलं होतं. तिसरी कुजली. ऑगस्ट-सप्टेंबर हा आपल्याकडे या कामाचा उत्तम काळ, हवा दमट असते. मार्चमध्ये लावलेली एकही काडी माझ्याकडे जगलेली नाही.

आता दिवाळीची गोष्ट. २०१५ च्या दिवाळीत घराला रंग दिला आणि त्या उत्साहात मी दोन्ही झाडं गुडघ्याइतकी छाटली. गुलाबाला करतो तसं. पुढच्या मार्चमध्ये पानंच पानं, फूल नाही. एप्रिलमध्येही नाही. मला वाटलं झाड वांझ. मग कळलं की या जातीची कळी जुन्या फांदीवर धरते, आणि धरते कधी, तर पावसाळा संपून रात्री गार व्हायला लागल्या की. पाच-सहा आठवडे रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली राहिलं की फांदीच्या टोकाला कळीची तयारी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला छाटलं म्हणजे वर्षाचं फूल केरात. तेव्हापासून छाटणी जूनच्या पहिल्या पावसात, आणि पोळ्यानंतर कात्री लावायची नाही. जन्माष्टमी ते पोळा ही माझी शेवटची हद्द, तीही वाळकी फांदी काढण्यापुरती.

इथे खानदेशाची एक बाजू जमेची आहे जी लोक विसरतात. आपला उन्हाळा जेवढा कुप्रसिद्ध, तेवढीच थंडी खरी आहे. डिसेंबर-जानेवारीत भुसावळ-जळगावला पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, धुळ्याला तर त्याहून खाली. मुंबईच्या माणसाला हायड्रेंजिया फुलवायचं तर तो मार खातो, कारण त्याच्याकडे थंडीच नाही. आपल्याकडे थंडी आहे, फक्त तिच्यानंतर जे येतं त्याची तयारी हवी.

२०१७ च्या मार्चमध्ये पहिलं फूल आलं. आधी हिरवट, मग पांढुरकं, आणि मग गुलाबी. चक्क गुलाबी. लग्नात वाटतात त्या आइस्क्रीमसारखं.

आमच्या हिचं माहेर पारोळ्याचं. रागावली किंवा चकित झाली की अहिराणीवर येते. म्हणाली, "हाई तं निळं व्हतं ना? आते गुलाबी कसं व्हयनं?" मग मराठीत: "तुम्ही दुसऱ्याच झाडाची काडी आणली." आता माझी नोकरी गेली सिग्नलचे रंग ओळखण्यात. दर काही वर्षांनी डॉक्टर ठिपक्यांची पुस्तकं दाखवून डोळे तपासायचे. मी निळ्याला गुलाबी म्हणणार नाही आणि गुलाबीला निळा म्हणणार नाही. झाड तेच होतं. रंग बदलला होता.

कारण तिच्याच देवघरात होतं. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. हळद तीच, चुन्याने लाल. हायड्रेंजियाच्या फुलातही रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन नावाचं. मातीत आम्ल असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलात पोचतं, त्या रंगद्रव्याला धरतं आणि फूल निळं होतं. मातीत चुना असेल तर ॲल्युमिनियम मातीतच अडकून बसतं आणि फूल गुलाबी राहतं. शाळेत शिकलेल्या लिटमसच्या बरोबर उलट, आम्लात निळं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढी माती आंबट. पीएच साडेपाचच्या खाली निळं, साडेसहाच्या वर गुलाबी, मधे जांभळट गोंधळ. पांढऱ्या जातींना मात्र हे काही लागू नाही, पांढरं ते पांढरंच. फार तर जुनं झालं की हिरवट किंवा गुलाबी झाक येते.

इगतपुरीचा पाऊस सगळा चुना धुऊन नेतो, तिथली माती आंबट. आपली काळी माती चुन्याने भरलेली. विहीर खणताना पांढऱ्या खड्यांचा थर लागतो, ती चुनखडी. माझा भाचा सावद्याला केळी करतो आणि सोबत कृषी केंद्र चालवतो. त्याच्याकडे पीएच मोजायचं पेन आहे. त्याने माझी अंगणातली माती पाण्यात कालवून मोजली, ८.२. बोअरचं पाणी ७.९. म्हणाला, "मामा, तुम्ही निळं फूल मागताय म्हणजे कपाशीला आंबे मागताय."

काळी माती कुंडीत घालूच नका, हा पहिला नियम. केळीला, कपाशीला ती सोनं आहे. कुंडीत ती पावसाळ्यात चिखल धरते, उन्हाळ्यात फाटते आणि फाटताना बारीक मुळं तोडते. माझं मिश्रण असं: दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं तांबडी माती, एक घमेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि मूठभर भाताचं तूस. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन काढायचं, त्यात मीठ असतं. सिमेंटची कुंडी वापरायची नाही, ती आतून चुना सोडत राहते. माझी तर मातीची कुंडी आवडती, तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं गार राहतात. प्लॅस्टिकची काळी कुंडी भुसावळच्या उन्हात म्हणजे भरीत भाजायची जागा.

आता तुरटी. निळा रंग हवा तर ॲल्युमिनियम सल्फेट घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या घरात त्याचं जवळचं भावंड पडलेलंच असतं, तुरटी. मी चार लिटरच्या झारीत चमचाभर तुरटीची पूड विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा घालायला लागलो. एक अख्खं वर्ष काही झालं नाही. गुलाबी ते गुलाबी. दुसऱ्या वर्षी चिडून मूठभर तुरटी घातली, तर पानांच्या कडा जळाल्या आणि फूल तरीही गुलाबी.

उत्तर माठाजवळ सापडलं. पावसाळ्यात तापीचं पाणी गढूळ येतं तेव्हा आपण हंड्यात तुरटी फिरवतो. थोड्या वेळात पांढरट कापसासारखे पुंजके होतात आणि गाळ घेऊन खाली बसतात. ते पुंजके म्हणजे तुरटीतलं ॲल्युमिनियमच. क्षारयुक्त पाण्यात ते विरघळलेलं राहत नाही, घट्ट होऊन तळाला जातं. म्हणजे मी बोअरच्या पाण्यात तुरटी कालवत होतो तेव्हा ती झारीतच खर्ची पडत होती. झाडापर्यंत पोचत होतं ते नुसतं मीठ. मी एवढी वर्षं हंड्यात तुरटी फिरवताना बघितली, आणि झारीत तेच चाललंय हे कळायला दोन वर्षं लागली.

तेव्हापासून तुरटी फक्त पावसाच्या पाण्यात. पत्र्यावरचं पाणी दोन ड्रममध्ये धरून ठेवतो, ते कसंबसं दिवाळीपर्यंत पुरतं. पुढे एसीचं पाणी. शेजारच्या अण्णांकडे दोन एसी आहेत, त्यांच्या नळीखाली मी बादली लावलीय. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. अण्णा म्हणतात, माझं लाइटबिल तुमची फुलं पितात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र चुकूनही घालू नका. कूलर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत ठेवतो, आठवड्याने ते पाणी बोअरच्या पाण्याहून वाईट झालेलं असतं. आरओच्या फेकायच्या पाण्याचंही तेच.

दुसरी गोष्ट भाच्याने सांगितली ती खताची. निळं हवं असेल तर डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा यांना हात लावायचा नाही. त्यांतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ॲल्युमिनियमला बांधून टाकतं. गुलाबीच हवं असेल त्याने खुशाल घालावं. मी थोडं अमोनियम सल्फेट देतो, त्याने आंबटपणाही टिकतो, आणि केळीला देतात ते पांढरं पोटॅश चिमूटभर. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की लोह कमी पडलंय समजायचं. खानदेशातल्या पाण्यावर हे होणारच. साधं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुन्यात वाया जातं. चिलेटेड, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह मिळतं, ते फवारावं.

एवढं करून २०२० मध्ये काय झालं? निळं झालं नाही. जांभळं झालं. वांग्यासारखं म्हणालो असतो, पण आमचं भरिताचं वांगं हिरवं असतं, तेव्हा जांभळाचाच रंग म्हणतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो, झारीला वेळ मिळाला, आणि एका कुंडीत एक गोळा खराखुरा निळा आला. तेवढाच. त्याच झाडावर बाजूला एक गुलाबी. लोक आले, बघून गेले. हिने ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

जातींबद्दल बोलतो, कारण ते विचारणारे फार. आपल्याकडच्या नर्सरीत नाव विचारलं तर उत्तर येतं, "ब्लू", "पिंक", "व्हाइट". ती सगळी बहुतेक मॅक्रोफायला, म्हणजे मोठ्या पानाची. त्यात दोन तऱ्हा. एक गच्च गोल गोळ्याची, जिला इंग्रजीत मॉपहेड म्हणतात, आणि दुसरी चपटी, मधे बारीक मोतीदाणे आणि कडेने मोठ्या फुलांची झालर, ती लेसकॅप. सगळे पहिलीवर भाळतात. माझं मत वेगळं आहे. आपल्या हवेत गोळा जड होतो, एका दुपारी मान टाकतो आणि मग सावरत नाही. लेसकॅपचं फूल हलकं, वारा आतून जातो. माझ्या पाचांत एक लेसकॅप आहे आणि तिचं फूल गेल्या चैत्रात सगळ्यांत जास्त टिकलं. निळ्या-गुलाबीचा हा सगळा व्याप नको असेल त्याने सरळ पांढरं घ्यावं. संध्याकाळी अंगणात दिवा न लावता दिसतं.

फुललेलं झाड विकत घेताना एक ध्यानात ठेवा. ते बुटकं आणि गोळीबंद दिसतं कारण त्याला वाढ रोखणारी औषधं दिलेली असतात, आंब्याला कल्टार देतात त्या प्रकारातली. दुसऱ्या वर्षी औषधाचा अंमल उतरला की तेच झाड दुप्पट उंच होतं. घाबरू नका, बिघडलेलं नाही. आणि घ्यायचं तर जुलैत घ्या, फूल नसलेलं, स्वस्तातलं, चार-पाच जोमदार फांद्यांचं. एप्रिलमध्ये फूल बघून घेतलेलं हायड्रेंजिया म्हणजे पाहुणा, आठ दिवसांचा.

एंडलेस समर नावाची एक प्रसिद्ध जात आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका मोठ्या नर्सरीत मायकेल डर नावाच्या झाडांच्या अभ्यासकाला १९९८ मध्ये ती नजरेस पडली आणि २००४ मध्ये बाजारात आली. जुन्या आणि नव्या, दोन्ही फांद्यांवर फुलते हे तिचं वैशिष्ट्य. माझ्यासारख्या दिवाळीत कात्री चालवणाऱ्याला ही जात वाचवू शकते. पण तिचं नाव वाचून भुलू नका, ते समर पुन्हा मिनेसोटाचंच.

शंकूसारखा तुरा येणारी पॅनिक्युलाटा, तिच्यातली लाइमलाइट, हीसुद्धा मी ऑनलाइन मागवून बघितली. ती नव्या फांदीवर फुलते आणि ऊन जास्त सोसते असं वाचलं होतं. सोसलं तिने, दोन उन्हाळे. एका जुलैत मक्याच्या कणसाएवढा हिरवट पांढरा तुरा दिला आणि तिसऱ्या मे महिन्यात गेली. तिला बर्फाळ थंडीची सवय, आपली थंडी तिला झोपायलाही पुरत नसावी. ॲनाबेल ही पांढरी जात पण थंड मुलखातलीच, इलिनॉय राज्यातल्या ॲना गावाची, म्हणून ते नाव. ती मी आणली नाही. ओकसारख्या पानांची क्वेर्सिफोलिया अमेरिकेच्या दक्षिणेकडची, उष्ण जागची, कोरड्याला त्यातल्या त्यात खंबीर. ती कधी मिळाली तर मी एक डाव खेळून बघणार आहे. सातपुड्यातल्या थंड तोरणमाळला कोणाचं घर असेल तर त्याने मात्र हे सगळं वाचून वेळ घालवू नये, सरळ लावावं.

आणि ज्यांच्याकडे फक्त दक्षिणेची तापलेली गच्ची आहे त्यांना माझा सल्ला कडू वाटेल: हायड्रेंजिया नको. इक्झोरा लावा. गोळा छोटा, पण रोज हजर.

उन्हाळ्याची माझी व्यवस्था आता अशी आहे. होळी झाली की कुंड्या घराच्या पूर्वेला, मोठ्या कडुनिंबाखाली सरकतात. सकाळी नऊपर्यंत कोवळं ऊन, नंतर सावली. त्यावर हिरवी शेडनेट, ७५ टक्क्यांची. पश्चिमेकडून लू येते, तिला अडवायला भाच्याकडून गजराज गवताचे ठोंब आणून लावलेत. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून शेतकरी बांधावर गजराज किंवा शेवरी लावतात, तीच युक्ती. खाली विटांची चौकट करून वाळू भरलीय आणि कुंड्या त्या वाळूवर. वाळू दिवसातून दोनदा ओली करायची. मातीवर केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन, चांगलं बोटभर जाड.

पाणी पहाटे, पोटभर. दुपारी दोन वाजता पानं अशी लोंबतात की अनोळखी माणूस धावत जाऊन बादली ओतेल. ओतायची नाही. मोठ्या पानांतून जेवढं उडतं तेवढं मुळं त्या क्षणी ओढू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बोट मातीत घालून बघायचं. ओलं लागलं तर परत फिरायचं, सहा वाजता पानं आपोआप उठतात. ओल्या मातीत पुन्हा पाणी घालून मी एक कुंडी कुजवली आहे. सहानंतरही पान उठलं नाही तरच पाणी.

आणि घागर. आखाजीला आपल्याकडे पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. मागच्या वर्षीची जुनी घागर मी मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरतो, तोंडावर पणती पालथी. रोज भरायची. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू मुळांना मिळत राहतं, मुळं स्वतः घागरीला मिठी मारून बसतात. पुढे वाचनात आलं की हायड्रेंजिया या नावाचा ग्रीकमधला अर्थच पाण्याचं भांडं. बियांच्या बोंडाचा आकार तसा असतो म्हणून. हे हिला सांगितलं. म्हणाली, मग एवढी पुस्तकं कशाला वाचली, मला विचारायचं.

नावावरून आठवलं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जपानात नागासाकीजवळ झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर होता. त्याने एका हायड्रेंजियाला आपल्या जपानी सोबतिणीच्या, ओताकीच्या, नावावरून ओताक्सा असं शास्त्रीय नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ते नाव रद्द केलं, झाड आधीच नोंदलेलं निघालं. मी आमच्या निळ्या कुंडीला हिचं नाव द्यायचं म्हटलं तर तिने विचारलं, "आणि गोणपाट कोण भिजवणार?"

एक सावधगिरी राहिली. या झाडाची पानं-फुलं विषारी असतात, पोटात गेली तर जनावरालाही त्रास होतो आणि माणसालाही. दारात वासरू, शेळ्या, रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर. आमच्याकडे एकदा मोकाट शेळीने दोन पानं तोडली आणि थुंकून दिली. तिला बहुधा चव माझ्या खताची लागली.

आज सकाळी बघितलं. पाचांपैकी तिघींच्या खालच्या पानांच्या कडा करपल्यात, ते दरवर्षीचं. लेसकॅप टवटवीत आहे. निळीच्या टोकाला चैत्रातलं फूल अजून आहे, रंग उडून कागदासारखं झालेलं. ते कापत नाही, त्याच्या सावलीत खालची पालवी वाचते. ड्रममधलं पावसाचं पाणी कधीच संपलं, अण्णांचा एक एसी परवापासून बंद पडलाय आणि दुरुस्तीवाला सोमवारी येणार म्हणतो. तोवर एकाच नळीवर पाच कुंड्या आहेत. बादली भरायला पावणेदोन तास लागतात. मी घड्याळ लावून मोजलंय.